गोळी तीच, डोस तोच, मग काकूंना एवढी गुंगी का आली?

हे नाशिकच्या सिडकोतल्या एका घरातलं प्रकरण आहे. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण औषधं आणि ती कुठल्या क्रमाने सुरू झाली ते जसंच्या तसं ठेवलंय, कारण सगळा घोळ त्या क्रमातच आहे. मी इथे मेडिकल चालवते, फार्मासिस्ट आहे. औषधं बदलण्याचे निर्णय फिजिशियन मॅडमनी घेतले, मी ते जवळून बघितले.

पार्श्वभूमी

काकू ६८ वर्षांच्या. काका अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेले, मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू शाळेत. काकूंना बीपी, त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी रात्री जेवणानंतर, बाकी प्रकृती ठणठणीत. सहा वर्षांपूर्वी काकांचं बायपास झालं तेव्हा जागरणं आणि काळजी यात काकूंची झोप उडाली म्हणून कुणीतरी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम रात्री एक अशी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. काका बरे झाले, गोळी मात्र चालूच राहिली. चिठ्ठी जुनी झाली, फाटायला आली म्हणून घरच्यांनी ती लॅमिनेट करून घेतली आणि त्याच चिठ्ठीवर एका ठरलेल्या दुकानातून दर महिन्याला स्ट्रिप येत राहिली.

खरं तर अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येते, म्हणजे जी औषधं विकताना चिठ्ठी आणि वेगळी नोंद लागते त्यांच्या सरकारी यादीत. १ मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेमसुद्धा त्याच यादीत आहेत. दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. पण ओळखीच्या काकू रात्री साडेनऊला दारात उभ्या राहिल्या की किती दुकानदार नाही म्हणतात ते मला माहीत आहे, आणि हे बदलायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

काकूंना त्या गोळीचा त्रास मात्र काहीच नव्हता. साडेनऊला गोळी, दहाला झोप, मधे झोपमोड झाली तर तेवढीच, पहाटे पाचला उठायचं. सकाळी देवपूजा, दुधाचा हिशोब कॅलेंडरवर, श्रावणात सोमवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन कपालेश्वर महादेवाचं दर्शन. सहा वर्षं हे असंच.

नेमकं काय झालं

पावसाळ्यात काकूंना कमरेला आणि मांडीला गजकर्ण झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम रोज एक महिनाभर, खाजेसाठी रात्री लेव्होसेटिरिझिन आणि लावायला क्रीम दिलं. दवाखान्यात विचारलं होतं, काय औषधं चालू आहेत. काकू म्हणाल्या, बीपीची गोळी. झोपेच्या गोळीचं नाव त्यांनी घेतलं नाही, लपवायचं म्हणून नाही, त्यांच्या हिशोबात ते औषधच नव्हतं. आजारासाठी घेतो ते औषध, झोपेची काय नुसती सवय.

दुसऱ्या आठवड्यात काकू दुपारी जेवताना पेंगायला लागल्या. घरच्यांना वाटलं पावसाळी हवा आहे, वय आहे. मग जीभ जड झाल्यासारखं बोलणं, तेच तेच विचारणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं. तिसऱ्या आठवड्यात श्रावणी सोमवारी दर्शनाला एकट्या गेल्या आणि येताना पंचवटी कारंजा चौकात बसून राहिल्या, घरी कुठल्या बसने जायचं तेच आठवेना. एका फुलवालीने फोन घेऊन मुलाला लावून दिला. त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, आईला विसरण्याचा आजार लागला.

चौथ्या आठवड्यात पहाटे चारला बाथरूमला जाताना पॅसेजमध्ये पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये डोक्याचा सीटी स्कॅन केला तो नॉर्मल आला, हाताला प्लास्टर घातलं आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल दिलं. त्यानंतर दोन दिवस तर काकू हाक मारली की डोळे उघडायच्या आणि परत मिटायच्या.

तिसऱ्या दिवशी मुलगा माझ्या दुकानात आला. "ताई, मेमरीची एखादी चांगली गोळी असते ना, ती द्या, आईचं फार वाढलंय." सोबत घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी होती कारण बीपीची गोळीपण संपली होती. मी पिशवी काउंटरवर ओतली. अल्प्राझोलाम, इट्राकोनाझोल, लेव्होसेटिरिझिन, ट्रॅमाडॉल. चार डॉक्टरांची नाही म्हटलं तरी तीन डॉक्टरांची औषधं आणि तीन वेगळ्या दुकानांची बिलं, एकाही ठिकाणी सगळी एकत्र कुणी बघितली नव्हती.

पहिला प्रश्न मी हाच विचारला की हे सगळं नक्की कधीपासून. त्याला सांगता येईना. सुनेला फोन लावला, ती हुशार, तिने कॅलेंडरचा फोटोच पाठवला. दुधाच्या नोंदी काकूंच्या अक्षरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अगदी नीट, मग दोन दिवस गाळलेले, मग एका दिवशी तीनदा लिहिलेलं, मग कोरं. इट्राकोनाझोलचं बिल ज्या तारखेचं होतं त्यानंतर साधारण आठ-नऊ दिवसांनी नोंदी बिघडायला लागल्या होत्या. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, असा आठवड्याभरात घरात शिरत नाही, तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षं हळूहळू येतो. आठवड्यात बिघडलं तर आधी औषधं बघायची, इन्फेक्शन बघायचं, सोडियम बघायचं.

गोळी शरीरात करते काय

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, पेशींना शांत करणं हे त्याचं काम. गाबा पेशीवरच्या आपल्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसला की पेशीत क्लोराइड शिरतं आणि ती पेशी लवकर पेटत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या बेन्झोडायझेपाइन गोळ्या त्याच रिसेप्टरवर शेजारच्या जागेवर बसतात आणि गाबाचं काम वाढवतात, क्लोराइडचं दार जास्त वेळा उघडतं. झोल्पिडेम, झोपिक्लोन यांची रासायनिक जात वेगळी पण जागा तीच, म्हणून "ही हलकी आहे हो, सवय लागत नाही" हे ऐकायला बरं असलं तरी खरं नाही.

याच्या आधीचा जमाना बार्बिट्युरेट्स नावाच्या झोपेच्या औषधांचा, १९०३ मध्ये बार्बिटल आलं, १९१२ मध्ये फिनोबार्बिटल. ती जास्त डोसमध्ये गाबा नसतानाही दार उघडं ठेवायची आणि श्वासच थांबायचा. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं, ही औषधं गाबा असेल तेवढंच काम वाढवतात म्हणून एकट्याने घेतली तर जीवावर बेतण्याचा धोका बराच कमी. पण "एकट्याने" हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. दारू, ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी अफूच्या वर्गातली म्हणजे ओपिऑइड औषधं, गुंगी आणणारी खोकल्याची सिरप यांच्यासोबत ती सुरक्षितता राहत नाही. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपाइन एकत्र देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा दिला तो याचसाठी. दोन पेग घेऊन वर झोपेची गोळी घेणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

दुसरी गोष्ट, ही झोप म्हणजे नेहमीची झोप नव्हे. झोप लवकर लागते, जाग कमी येते, पण गाढ झोपेचा भाग कमी होतो. काही आठवड्यांत मेंदू गोळीला सरावतो, झोप आणणारा परिणाम बोथट होतो, आणि गोळी चुकली की मात्र आधीपेक्षा वाईट जागरण होतं, मग माणसाला वाटतं बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही. म्हणून या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे सहसा नकोत असं सांगतात. आणि ६५ च्या पुढे शक्यतो नकोतच, कारण तोल जातो, पडणं होतं, विसरायला होतं.

आता काकूंच्या प्रकरणाचा गाभा. अल्प्राझोलाम शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरमधलं सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम करतं. इट्राकोनाझोल नेमकं हेच एन्झाइम अडवतं. मोरीच्या तोंडाला बोळा बसलाय आणि वरून नळ रोजच्यासारखाच चालू आहे, तसं झालं. गोळी ०.५ चीच, पण रक्तातलं एकूण प्रमाण अडीच पटीच्या वर जाऊ शकतं आणि एरवी साधारण ११-१२ तासांत, म्हाताऱ्या माणसात थोडं उशिरा, निम्मं होणारं औषध कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं. रोज रात्री नवीन गोळी, आणि कालची अजून अंगात. ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत असं अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यावर लेव्होसेटिरिझिनची थोडी गुंगी, त्यावर ट्रॅमाडॉल.

समोर कुठले पर्याय होते

मी मेमरीची गोळी दिली नाही, फिजिशियन मॅडमना फोन केला आणि त्याच संध्याकाळी मुलगा काकूंना घेऊन गेला. मीपण दुकान भावावर सोडून गेले, कारण पिशवीतला क्रम मला नीट सांगायचा होता.

तिथे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं होतं. मुलाचं म्हणणं, झोपेची गोळीच सगळ्याचं मूळ आहे ना, मग आजपासून बंद, पिशवीतून काढून टाका. ऐकायला अगदी बरोबर वाटतं आणि नेमका तोच सगळ्यात धोक्याचा पर्याय होता. सहा वर्षं रोज गाबाला टेकू मिळालेला मेंदू, तो टेकू एका रात्रीत काढला तर घबराट, थरथर, जागरण आणि काही जणांना चक्क फिट येते. त्यात ट्रॅमाडॉल स्वतःच फिटची शक्यता वाढवतं.

काकूंच्या बहिणीने फोनवर झोल्पिडेम सुचवलं होतं, तिला ते चालू होतं म्हणून. मॅडम नाही म्हणाल्या. बायकांच्या शरीरात झोल्पिडेम सकाळपर्यंत जास्त उरतं म्हणून एफडीएने २०१३ मध्ये बायकांसाठी साध्या गोळीचा डोस दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणायला लावला होता, झोपेतच उठून स्वयंपाक करणं, गाडी चालवणं अशा प्रकारांसाठी २०१९ मध्ये कडक इशाराही आला. पडलेल्या बाईला ही बदली गोळी देण्यात काही अर्थ नव्हता.

लोराझेपामवर आणायचं हा पर्याय मॅडमनी खरोखर विचारात घेतला, कारण ते सीवायपी ३ए४ वर अवलंबून नाही, इट्राकोनाझोल चालू ठेवता आलं असतं. पण मग गुंगीत असलेल्या पेशंटमध्ये एक नवीन गुंगीचं औषध, त्याचा बरोबरीचा डोस अंदाजाने, हे त्यांना पटलं नाही. न्यूरोलॉजिस्टकडे नेऊन डोनेपेझिल हे विसरण्याच्या आजारावरचं औषध सुरू करायचं, हेही मुलाच्या मनात होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "सहा आठवडे थांबा. ही सगळी धूळ खाली बसू द्या, मग बघू खाली काय आहे ते."

काय केलं

मॅडमनी तिथूनच त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांचं बोलणं, इट्राकोनाझोल बंद, त्याऐवजी टर्बिनाफिन आणि क्रीम चालू. टर्बिनाफिन वेगळ्या एन्झाइमला त्रास देतं, अल्प्राझोलामच्या वाटेला जात नाही. लेव्होसेटिरिझिन बंद, ट्रॅमाडॉल बंद, दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल. अल्प्राझोलाम ०.५ वरून ०.२५, कारण इट्राकोनाझोल बंद केलं तरी ते अंगातून पूर्ण जायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर एन्झाइम अडलेलंच राहणार.

रक्त तपासलं. शुगर, थायरॉइड, बी-१२ ठीक, सोडियम जरा कमी. हायड्रोक्लोरोथायझाइड सोडियम उतरवतं आणि उतरलेलं सोडियम स्वतःच माणसाला भ्रमिष्ट करतं, शिवाय ती लघवी वाढवणारी गोळी रात्री नऊला घेतली की पहाटे चारला उठावं लागणारच. सहा वर्षं काकू जी "झोपमोड" सांगत होत्या त्यातली निम्मी तर या गोळीची होती. मॅडमनी ती एकत्र गोळी बंद करून नुसतं टेल्मिसार्टन सकाळी दिलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात सुंदर निर्णय हाच, एक पैसा खर्च नाही.

घरात पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा, बाथरूममध्ये धरायला दांडा, पायपुसणं काढून टाकलं, आणि पंधरा दिवस सून काकूंच्या खोलीत झोपली.

पुढे काय झालं

चौथ्या-पाचव्या दिवशी काकू स्वतःहून म्हणाल्या, "अगं, पडल्यापासून मी जेवले होते की नाही?" मधले तीन आठवडे त्यांना जवळजवळ आठवतच नाहीत, या गोळ्यांच्या जास्त असराखाली नवीन आठवणी नीट साठतच नाहीत. आठवडाभरात बोलणं स्वच्छ झालं.

मग बाराव्या दिवशी दुसरं वळण आलं. दोन रात्री झोप नाही, हात थरथरतायत, घाम, छातीत धडधड, क्षुल्लक गोष्टीवरून रडू. मुलगा घाबरून आला, की आजार परत उलटला. हा आजार नव्हता. इट्राकोनाझोल आता निघून गेलं होतं, म्हणजे ०.२५ ही आता खरोखर ०.२५ झाली होती, आणि सहा वर्षं ०.५ वर असलेल्या शरीराला एकदम निम्म्यावर आल्याचं जाणवत होतं. मॅडमनी डोस ०.३७५ केला, म्हणजे ०.२५ ची दीड गोळी. दोन-तीन दिवसांत सगळं निवळलं.

सहा आठवड्यांनी स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली, वयाच्या मानाने अगदी व्यवस्थित. त्याच्या आधीच कॅलेंडरवर दुधाच्या नोंदी परत सुरू झाल्या होत्या, डाव्या हाताने, कारण उजव्याला प्लास्टर.

प्लास्टर निघाल्यावर हळूहळू कमी करायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी एक छोटी पायरी, त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं, मागे शक्यतो जायचं नाही. गोळी कापायचं छोटं कटर मी दिलं, ब्लेडने कापली की तुकडे लहानमोठे होतात आणि इतक्या कमी डोसमध्ये तो फरकपण कळतो. सोबत झोपेची सवय बदलली, आणि हे गोळी कमी करण्याइतकंच महत्त्वाचं, निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये याच पद्धतीच्या वर्तनोपचाराची शिफारस केलीय. काकू साडेनऊला अंथरुणात शिरायच्या आणि पाचला उठायच्या, म्हणजे साडेसात तास, आणि त्यांची खरी झोप सहा तासांची. मग दीड तास कूस बदलत पडायचं आणि त्याला निद्रानाश म्हणायचं. मॅडमनी सांगितलं की अकराशिवाय पाठ टेकायची नाही, पाचला उठायचंच, दुपारी फार तर अर्धा तास, संध्याकाळी सहानंतर चहा नाही. पहिले दोन आठवडे काकू फार वैतागल्या. डिसेंबरात तर, नाशिकची थंडी, पहाटे पाचला रजईतून बाहेर यायचं म्हणजे, पण त्या उठायच्या.

आठ महिने झाले. आज त्या ०.२५ च्या अर्ध्या गोळीवर आहेत आणि गेले सहा आठवडे तिथेच थांबल्यात. शेवटची पायरी सगळ्यात अवघड असते, मॅडमना घाई नाही. पहाटेची झोप अजून कधीकधी मोडते. दिवसा पेंग नाही, पडणं नाही, गजकर्ण गेलं, यंदाच्या श्रावणात गंगेवर एकटी जाणार असं त्यांनी जाहीर केलंय.

वेगळं काय करता आलं असतं

मॅडमशी नंतर यावर बोलले. त्यांचं स्वतःचं म्हणणं, ०.२५ वर आणणं पहिल्या आठवड्यात बरोबर होतं, पण सातव्या-आठव्या दिवशी काकूंना परत बोलवून तेव्हाच ०.३७५ वर न्यायला हवं होतं, अडवणारं औषध निघून जाणार हे आधीच माहीत होतं. मला हे पटतं. अशा प्रकरणात दोन तारखा कॅलेंडरवर मांडाव्या लागतात, गुंगी उतरण्याची आणि त्यानंतर विड्रॉवल, म्हणजे गोळी कमी झाल्याचा त्रास, दिसण्याची.

सहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर "पंधरा दिवस" होतं, पण सोळाव्या दिवशी काय करायचं ते नव्हतं. बंद करायची तारीख आणि कमी करायची पद्धत गोळी सुरू करतानाच लिहिली असती तर लॅमिनेशनपर्यंत गोष्ट गेली नसती.

त्वचेच्या दवाखान्यात "काय औषधं चालू" याऐवजी "रात्री झोपताना काय काय घेता" असं विचारलं असतं तर काकूंनी लगेच सांगितलं असतं. हा प्रश्न कुठल्याही दुकानात, कुठल्याही दवाखान्यात दहा सेकंदांत विचारून होतो. इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन देताना तर विचारायलाच हवा, कारण हेच एन्झाइम अटोरव्हास्टॅटिन आणि अम्लोडिपिनसारख्या गोळ्याही बाहेर काढतं, आणि ५०-६० च्या पुढच्या घरांत यातलं काही ना काही चालू असतंच. पडून आलेल्या म्हाताऱ्या पेशंटला हाड जोडताना कुणीतरी "का पडलात" हेही विचारायला हवं होतं, तिथे सीटी झाला पण पिशवी कुणी मागितली नाही.

ज्यांच्या घरात आई-वडिलांना अशी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे त्यांनी हे वाचून आज रात्री ती लपवून ठेवू नका किंवा फेकू नका. सगळी औषधं, डोळ्यांचे थेंब, खोकल्याची बाटली, आयुर्वेदिक पुड्या, जे असेल ते एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरांसमोर एकदा ओता. माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद वाटत असेल, किंवा गोळी अचानक सुटल्यावर थरथर आणि भास सुरू झाले असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्यायच्या.